उंबरा, कोयता आणि रसिक



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो जरा जड शब्दांत होता : 'कौटुंबिक वर्गवारी आणि कलेचा प्रेक्षक'. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा, की कुठल्या घरात कोण राहतं, किती शिकलेलं आहे, काय कमावतं, घरात फ्रिज आहे की नाही, हे पाहून घरांचे गट पाडायचे. मग कुठल्या गटाला नाटक रुचेल, कुठल्याला गझल, कुठल्याला कीर्तन, हे ठरवून त्या त्या दारापर्यंत निरोप पोहोचवायचा. आता आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, जाहिरातीचा धंदा काही केला नाही. पण वस्तूंचे गट पाडणं हा तत्त्वज्ञानाचा फार जुना उद्योग आहे, आणि बीड जिल्ह्यात घरांचे गट पाडणं हा त्याहून जुना. तेव्हा या दोन आधारांवर आम्ही बोलायला उभे आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. लोक मोजायला मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक 'शिरगणती', दुसरा 'खानेसुमारी'. शिरगणतीत डोकी मोजतात. खानेसुमारी फारसीतून आली. 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमारी' म्हणजे मोजणी. पेशव्यांच्या दफ्तरात पुण्याच्या पेठांच्या खानेसुमाऱ्या आहेत. आपला बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. हैदराबाद संस्थानाची पहिली जनगणना झाली १८८१ साली. पण सरकारी मोजणीदार यायच्या कितीतरी आधी गावाची स्वतःची मोजणी होती, ती उंबऱ्यांची. 'गाव केवढं?' 'असेल दीडशे उंबरा.' माणसं किती, हे कोणी विचारत नसे. देवाच्या जत्रेची पट्टी बसायची तीही उंबऱ्यामागे. ऐपतवाल्याकडून जास्त, गरिबाकडून नारळापुरती, पण उंबरा सुटत नसे. त्या पट्टीतून काय यायचं? भंडारा, कुस्त्यांचा इनाम, आणि रात्रीचा तमाशा. म्हणजे बघा, कलेचा खर्च कोण उचलतो याची यादी गावाकडे घरवार तयार होती. आजच्या भाषेत याला 'हाउसहोल्ड डेटा' म्हणतात.

आता कलावंताकडे काय होतं ते पाहा. गोंधळी घ्या. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही त्याची दैवतं. कुणाच्या घरी लग्न झालं की गोंधळ घालायचा, हे त्या घराच्या कुळाचारावर ठरलेलं. गोंधळ्याला सगळं गाव सारखं नव्हतं. कुठल्या घराचं कुलदैवत कोणतं, कुठल्या घरात नवस फेडायचा राहिलाय, कुठं यंदा लग्न आहे, हे त्याला पाठ. फिरत्या जमातींनी मागणीची गावं आपसांत वाटून घेतलेली असत, दुसऱ्याच्या गावात शिरलं तर तंटा व्हायचा. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, म्हणजे आपल्या हद्दीला लागूनच, कानिफनाथांच्या यात्रेत अशा जमातींच्या पंचायती भरत. तेव्हा 'लक्ष्य प्रेक्षक', 'विक्रीचे प्रदेश' हे शब्द ऐकून आम्हाला काही दचकायला होत नाही. शब्द तेवढे नवे आहेत.

अंबाजोगाईचं उदाहरण तर विलक्षण आहे. योगेश्वरी ही असंख्य कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. देवी बालाघाटाच्या डोंगरावर आणि तिची घरं सह्याद्रीपलीकडे समुद्रकाठी. देवीच्या दारात वाजणाऱ्या चौघड्याचा श्रोता कोण, हे जर तुम्ही अंबाजोगाईच्या गल्ल्या मोजून ठरवायला गेलात, तर निम्मा श्रोता सुटला. हे उदाहरण मुद्दाम सांगितलं. पुढं उपयोगी पडणार आहे.

आता जरा परदेशी जाऊन येऊ, कारण आज जी पद्धत आपल्याकडे येते आहे तिचा जन्म लंडनचा. चार्ल्स बूथ नावाच्या एका श्रीमंत जहाजमालकाला प्रश्न पडला, की लंडनमध्ये गरिबी नक्की आहे किती. त्यानं माणसं लावून गल्ली न् गल्ली पाहिली, आणि १८८९ पासून नकाशे छापले. सुखवस्तूंची गल्ली पिवळी, गरिबांची निळी, आणि अगदी तळच्यांची काळी. हेतू चांगला होता. पुढं १९७०च्या दशकात रिचर्ड वेबर या संशोधकानं लिव्हरपूल शहरातल्या हलाखीच्या वस्त्या शोधण्यासाठी जनगणनेच्या आकड्यांवरून वस्त्यांचे गट पाडले. तीच युक्ती थोड्याच वर्षांत 'एकॉर्न' या नावानं बाजारात आली. मदत कुठं न्यायची हे शोधायला केलेलं यंत्र, माल कुठं खपेल हे सांगायला लागलं. यंत्राला काय, दोन्ही सारखंच.

त्यानंतर नाट्यगृहं आणि संग्रहालयं त्याच वाटेनं गेली. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलनं २००८ साली तिथल्या प्रौढांचे कलेच्या आवडीनुसार तेरा गट पाडले. २०१३ मध्ये 'ऑडियन्स स्पेक्ट्रम' आलं, त्यात दहा गट. नावं मोठी गमतीची : 'मेट्रोकल्चरल्स', 'ट्रिप्स अँड ट्रीट्स', 'डॉर्मिटरी डिपेन्डेबल्स'. पोस्टकोड घातला की तिथलं घर कुठल्या गटात बसतं ते कळतं. हे तिथं जमतं याला कारण आहे. तिथला एक पोस्टकोड म्हणजे सरासरी पंधरा-एक घरं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि एका पिनकोडात गावंच्या गावं बसतात; सावकाराचा वाडा आणि पालावरचं बिऱ्हाड यांचा पिनकोड एकच.

या पद्धतीच्या पोटात एक गृहीतक आहे : शेजारी शेजारी राहणारे एकसारखे असतात. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. आपल्याकडे हे गृहीतक इंग्रजांपेक्षा जास्त खरं होतं. आळीचं नाव सांगितलं की जात कळायची, जात कळली की माणूस जत्रेत कुठं बसणार तेही कळायचं. तमाशाच्या बोर्डावर ज्यांच्या ढोलकीनं गाव डोलायचं, त्यांचीच घरं गावकुसाबाहेर. तेव्हा जुन्या उंबऱ्याच्या हिशेबाचं आम्ही आज कौतुक करतो आहोत म्हणून कुणी असं समजू नये, की त्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं. गोंधळ्याला घर माहीत होतं, पण त्या माहितीत घराला बदलायची मुभा नव्हती.

भारतातल्या बाजारपाहणीवाल्यांनीही १९८०च्या दशकात घरांची वर्गवारी केली. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि व्यवसाय बघायचा आणि घराला अक्षर द्यायचं. खेड्यांसाठी वेगळी पद्धत. तिथं शिक्षणाबरोबर घर पक्कं की कच्चं ते पाहायचे. २०११ मध्ये ती बदलून नवी आणली : मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. विजेची जोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, संगणक, मोटार, एसी, आणि अकरावी शेतजमीन. अर्धा एकर कोरडवाहू असो की गोदाकाठची पन्नास एकर काळी, यादीत खूण एकच. यातून बारा पायऱ्या निघतात. दूरदर्शनच्या जाहिरातींपासून शाम्पूच्या पुड्यांपर्यंत सगळं या पायऱ्यांवर चालत आलंय. आमचं त्याबद्दल भांडण नाही. शाम्पू विकायला हे पुरेसं आहे.

पण काही तरुण मंडळी, नाटकाच्या वेडानं झपाटलेली, हीच पायऱ्यांची यादी घेऊन 'आपला प्रेक्षक कोण' हे ठरवायला बसतात, तेव्हा मात्र आम्हाला बोलावं लागतं.

न्यायशास्त्रात 'जाति' आणि 'उपाधी' असा एक भेद आहे. जाति हा शब्द इथं समाजातल्या अर्थानं घ्यायचा नाही. तिथं त्याचा अर्थ आहे वस्तूंत मुळातच असलेलं सामान्य. सगळ्या घटांत घटत्व असतं, ते कुणी लावलेलं नसतं. पण 'पाचकत्व', म्हणजे स्वयंपाकी असणं, ही उपाधी. माणूस चुलीपुढून उठला, दुसऱ्या कामाला लागला, की ती गळते. आमचं म्हणणं असं की 'रसिक' ही उपाधी आहे. कुणी माणूस चोवीस तास, बारा महिने रसिक नसतो. वर्गवारीवाले तिला जाति समजतात. अमुक वर्गातलं घर म्हणजे नाटकवालं घर, तमुक म्हणजे बिननाटकाचं. भरतमुनी या बाबतीत जास्त सावध होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात कोणत्या प्रेक्षकाला काय आवडतं याची यादीच आहे. तरुणांना शृंगार, विद्वानांना सिद्धान्त, धनाच्या मागे असणाऱ्यांना धन, विरक्तांना मोक्ष, शूरांना वीर आणि रौद्र, म्हाताऱ्यांना धर्माच्या कथा. त्यात वय आहे, स्वभाव आहे, मनाची ओढ आहे. तरुण म्हातारा होतो, शूर विरक्त होतो, म्हणजे तोच माणूस यादीत एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतो. घर किती मोठं, हे भरतमुनींनी विचारलं नाही. पण बायका, मुलं आणि अडाणी यांना त्यांनी एकाच रांगेत बसवून विनोद आणि वेशभूषेवर समाधानी ठेवलं आहे, ते मात्र आम्हाला पटत नाही. बायकांचा मुद्दा पुढं येतोच.

आता आपल्या जिल्ह्याच्या गाभ्याला येऊ. बीडची दोन अंगं आहेत. उत्तरेला गोदावरी, गंगथडीची काळी माती, गेवराई-माजलगाव. आणि मधून जाणारा बालाघाट : आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळीचा डोंगरपट्टा. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने उभे राहिले, इकडे दुष्काळ पडत राहिले, १९७२ चा तर सगळ्यांना आठवतो, आणि या डोंगरपट्ट्यातली माणसं ऊस तोडायला जाऊ लागली. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, फाल्गुन-चैत्रात.

या मंडळींची वर्गवारी कोणी केली? मुकादमानं. त्याचं एकक उंबरा नाही, 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दिली जाते ती कोयत्यावर. एकटं माणूस आलं तर अर्धा कोयता. जगातल्या कुठल्या समाजशास्त्रज्ञानं घराची इतकी उघडी व्याख्या केली असेल असं आम्हाला वाटत नाही. म्हातारे आईबाप त्यात नाहीत, लेकरं त्यात नाहीत. ती एक तर गावात आजीपाशी, नाही तर हंगामी वसतिगृहात, नाही तर फडावरच्या कोपीत. आता त्या बाजारपाहणीच्या यादीतला पहिला प्रश्न इथं विचारून पाहा : घरातला मुख्य कमावता कोण? ऊस तोडते दोघंही, मोळ्या वाहते ती, पहाटे उठून भाकरी करते ती, आणि उचल त्याच्या नावावर. कागदावर उत्तर एकच लिहायचं असतं. ते कुणाचं नाव लिहिलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि मोजणी केव्हा होते? २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली ती ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान, संदर्भक्षण १ मार्चची मध्यरात्र. नियम असा, की मोजणीचा सगळा काळ जो माणूस घरापासून दूर आहे त्याची नोंद जिथं सापडेल तिथं. त्या मोजणीत बीड जिल्ह्याची लोकसंख्या आली २५,८५,०४९. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा ऐन हंगाम. तेव्हा डोंगरपट्ट्यातली किती दारं बंद असतील, तुम्हीच मनात आणा. ती माणसं सापडली असतील तर दुसऱ्या जिल्ह्याच्या फडात, कोपीत सापडली असतील. म्हणजे आकडा खोटा नाही. त्या दिवसापुरता खराच आहे. पण त्या आकड्यावर उभी केलेली 'बीडच्या प्रेक्षकाची' कुठलीही वर्गवारी ही फेब्रुवारीच्या बीडची वर्गवारी असते. येत्या जनगणनेची संदर्भतारीखही १ मार्च २०२७ अशीच ठरलेली आहे.

बरं, हे फेब्रुवारीचं बीड चैत्रात काय होतं? कोयते परत येतात. वर्षाचे पैसे हातात, निदान उचल फिटून राहिलेले. गावागावांच्या जत्रा याच दिवसांत येतात. पट्टी जमते. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात. फडाचा मॅनेजर काय विचारतो? गाव कुठलं, तिथी कोणती, जागा केवढी, मागल्या वर्षी कोणता फड आणला होता. तुमच्या गावात फ्रिज किती, हे त्यानं कधी विचारलेलं नाही. तिथीवरच भाव ठरतो. ज्या तिथीला बऱ्याच गावांची जत्रा, त्या रात्रीचा भाव चढा. मॅनेजर फार शिकलेला असेलच असं नाही, पण रसिक ही काळाशी बांधलेली गोष्ट आहे एवढं त्याला कळतं.

कीर्तनाचंही तसंच. भगवानबाबांनी सुरू केलेला नारळी सप्ताह दर वर्षी नव्या गावात भरतो, पुढच्या गावाला नारळ दिला जातो. आठ दिवस गावोगावची माणसं लोटतात. भाकरी घराघरांतून येते. आमच्या दृष्टीनं हा या भागातला सगळ्यांत मोठा श्रोतृसमाज आहे, आणि बाजाराच्या पायऱ्यांवर तो बहुतेक तळाशी बसेल. शहेनशाहवलींच्या दर्ग्यावरच्या उरुसात कव्वाली ऐकणारेही तसेच. तिथल्या गर्दीची धर्मावरून वर्गवारी करायला जाल तर फसाल.

आता बायकांचं. उंबऱ्याच्या पट्टीत नाव पुरुषाचं, तमाशाच्या तंबूत पुरुष. म्हणून बाई प्रेक्षक नव्हती असं वाटतं. पण गोंधळ तिच्या अंगणात व्हायचा, वासुदेव पहाटे तिच्या दारात यायचा, ती कीर्तनात बसायची, आणि जात्यावर ती स्वतःच कलावंत होती, श्रोता शेजारची जाऊ किंवा झोपेतलं लेकरू. आणखी एक गोष्ट. जत्रेला लेकी माहेरी येतात. जत्रेच्या रात्री गावात जी माणसं असतात त्यात या माहेरवाशिणी, जावई, पैपाहुणे केवढे असतात! यांतल्या एकाही बाईचं नाव त्या गावच्या कुठल्याच घरयादीत नसतं. सासरच्या यादीत असतं, पण सासरी तिला रात्री बाहेर पडून काही बघायला मिळेलच असं नाही. माहेरी ती बघते. एकच बाई एका उंबऱ्यात प्रेक्षक आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणून मघाशी योगेश्वरीचं सांगितलं. कला कुठं आहे आणि तिची माणसं कुठल्या यादीत आहेत, याचा मेळ बसेलच असं नाही.

मग वर्गवारी टाकून द्यायची का? आम्ही असं म्हणणार नाही. 'कला सगळ्यांसाठी असते' असं म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांचा आम्हाला जास्त राग येतो, कारण 'सगळ्यांसाठी' म्हटलं की प्रत्यक्षात जो मोटारीनं येऊ शकतो त्याच्यासाठी होतं. मोजलं तर निदान कोण येत नाही ते दिसतं. आमचं म्हणणं एवढंच, की घरात काय आहे याच्या आधी घर केव्हा उघडं असतं ते विचारा. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यांत जास्त फरक पाडतो, आणि आमच्या पाहण्यातल्या एकाही छापील प्रश्नावलीत तो नव्हता.

आपले शहरी कार्यक्रम पाहा. अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाणांच्या नावानं स्मृती समारोह होतो. कविता, शास्त्रीय संगीत, शेतकऱ्यांचा मेळावा, सगळं एका मांडवात. मराठवाड्यातल्या लहान गावानं असा शिरस्ता चालवावा याचा आम्हाला अभिमान आहे. यशवंतराव गेले २५ नोव्हेंबर १९८४ ला, त्यामुळं तारीख पुण्यतिथीची, ती कोण बदलणार. पण नाट्यस्पर्धा, संगीत सभा, पुस्तक प्रदर्शनं, यांना अशी तारखेची अट नसते, तरी तीही आपण थंडीतच घेतो. हवा छान असते, पाहुणे यायला तयार असतात. नेमका तेव्हा डोंगरपट्टा रिकामा. आणि मग अहवालात लिहिलं जातं, की ग्रामीण भागातून प्रतिसाद कमी.

अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंचं पखवाज पद्मश्रीपर्यंत पोहोचलं. ते वाजवणं वारकरी भजनाच्या मांडीवर वाढलेलं. ज्या श्रोत्यांनी तो हात घडवला त्यांच्या घरांत अकरातल्या किती वस्तू होत्या, ते कुणी मोजलेलं नाही.

संयोजकांनी शेवटी विचारलं होतं, की मग आम्ही करायचं काय. तर एवढं करा. तुमच्याकडे जी यादी असेल तिच्यात एक रकाना वाढवा : घर कधी बंद, कधी उघडं. दुसरा रकाना : घरातल्या लेकी कुठल्या गावी दिल्या. एक तरी प्रयोग चैत्रात ठेवा, डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या गावाच्या जत्रेच्या आदल्या रात्री, उघड्यावर. उन्हाळ्यात सभागृहात कुणी बसत नाही. निरोप फोनवर धाडू नका, पट्टी गोळा करणाऱ्या पोरांबरोबर धाडा, त्यांना सगळे उंबरे माहीत असतात. सतरंजीवर पुढची जागा बायकांना ठेवा. आणि नऊच्या आत सुरू करू नका, भाकरी-कोरड्यास आवरल्याशिवाय त्या येणार नाहीत.